तुम्ही विचारलंत म्हणून: कचऱ्यावर एवढं बोलता, मग घरात पसारा का?

प्रश्न असा असतो: "बाई, कचरा कमी करा म्हणून तुम्ही सगळ्यांना सांगता, मग तुमच्याच घरात एवढा पसारा कसा?" विचारणाऱ्याची नजर बहुतेक वेळा जिन्याखालच्या तीन पोत्यांवर असते. गॅलरीतले निळे ड्रम, खताची बादली, दोरीवर वाळत टाकलेल्या दुधाच्या पिशव्या, फडताळातल्या जुन्या बरण्या हेही दिसतंच. जालन्याची नणंद विचारते. पुण्याहून मुलगा आला की तो विचारतो. माझ्या हाताखालून शिकून गेलेल्या मुली स्वतःच्या मोकळ्या ओट्यांचे फोटो दाखवून विचारतात. इतकी वर्षं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते.

ड्रमांचं आधी सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. पैठणला जायकवाडीएवढं धरण आहे, पण आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या नळाला पाणी रोज येत नाही. कधी पाच दिवसांनी येतं, कधी आठ. ज्यांच्याकडे तोटी फिरवली की पाणी पडतं त्यांनी मला ड्रम काढायला सांगू नये. मराठवाड्यातल्या घरात साठवण हा पसारा नसतो. माझ्या माहेरी, सेलूकडे, ज्वारीच्या कणग्यांनी अर्धं माजघर भरलेलं असायचं आणि त्याला कुणी अडगळ म्हणत नव्हतं.

बाकीच्या गोष्टींचं उत्तर मात्र एवढं सरळ नाही. त्यासाठी 2018 सालात जावं लागेल.

तेव्हा मी तुमच्यासारखीच होते, किंबहुना तुमच्याहून कडक. 2017 च्या दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मी घर उपसलं. पोटमाळ्यावरून काय काय निघालं! ओटीचे ब्लाउजपीस, जे आपण एकमेकींना देत फिरवतो आणि शिवत कुणीच नाही. लग्नातल्या आहेराची स्टीलची भांडी, नावं घातलेली, त्यामुळे पुढं कुणाला देता येत नाहीत. सासूबाईंनी जपलेल्या तेलाच्या पिशव्या. महालक्ष्म्यांसाठी दरवर्षी नवं आणलेलं थर्माकोलचं मखर, एकावर एक अशी सहा-सात. मुलाच्या स्पर्धांतल्या प्लास्टिकच्या ढाली. साड्या बोहारणीला दिल्या, रद्दी आणि लोखंड भंगारवाल्यानं नेलं. जे कुणी घेतलं नाही ते पोत्यांत भरून घंटागाडीत टाकलं. अकरा पोती गेली. रिकाम्या कपाटाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि त्या रात्री मला इतकी छान झोप लागली की अजून आठवते.

सासूबाई तेव्हा होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "कुठं टाकलंस गं सगळं?" मी म्हटलं, "गाडीत टाकलं, आई." हे उत्तर पुरेसं आहे असं मला मनापासून वाटत होतं.

2018 च्या 16 फेब्रुवारीपासून कचऱ्याच्या गाड्या थांबल्या. शहराचा कचरा तीस-पस्तीस वर्षं शहराच्या कडेच्या नारेगाव डेपोत जाऊन पडत होता, रोजचा चारशे टनांवर. त्या भागातल्या गावांनी रस्ता अडवला आणि आता एकही गाडी येऊ देणार नाही म्हणून सांगितलं. आमच्या कोपऱ्यावर आठवड्याभरात कमरेएवढा ढीग झाला. माझी शेवटची तीन पोती तेव्हा फाटकापाशीच होती, गाडीची वाट बघत. मग कुणीतरी रात्री ढीग पेटवला. जळतं प्लास्टिक, धूर, दारं-खिडक्या लावूनही घरात येणारा तो वास. सासूबाईंना दमा होता. तिसऱ्या रात्री त्यांना वाफारा देऊनही श्वास घेता येईना, तेव्हा पहाटेच गाडी करून त्यांना जालन्याला नणंदेकडे पाठवलं.

त्या सकाळी दूधवाले मामा आले. त्यांचं गाव नारेगावच्या पलीकडं. वीस वर्षं आमच्याकडे रतीब घालत होते. रात्रभर जागलेली मी त्यांच्यावर ओरडले. "तुमच्या लोकांनी गाड्या अडवल्या, इथं म्हाताऱ्या माणसाचा जीव जायची वेळ आली," असं म्हणाले. शब्द मला नीट आठवतात, कारण नंतर ते मी फार वेळा मनात फिरवलेत.

मामांनी माप ओतलं, किटलीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला चार दिस झाले. आमी तीस वर्सं घ्यायलोत हा वास." मग जरा थांबून, "एकदा या की बघायला."

त्यांनी टोमणा मारला नव्हता, खरंच बोलावलं होतं. म्हणून जास्त लागलं.

रविवारी आम्ही दोघं स्कूटरवर त्यांच्या मागोमाग गेलो. रस्त्यात मांडव टाकून माणसं बसली होती, बायकाही होत्या. मामांनी त्यांना आमची ओळख "आमचं गिऱ्हाईक" अशी करून दिली आणि कुणी एक शब्द वाईट बोललं नाही. डेपो लांबून टेकडीसारखा दिसत होता, वर घारी फिरत होत्या. मामांचं रान त्याच्या वाऱ्याच्या बाजूला. हरभरा काढून झाला होता. बांधाच्या बोरीबाभळींना पिशव्या अडकलेल्या, काट्यांत फाटून चिंध्या झालेल्या. विहिरीवर जाळी टाकलेली. पाणी वर काढून मामांनी मला दाखवलं. ते पिवळट होतं आणि त्याला वास होता. ते पाणी ते जनावरांनाही दाखवत नव्हते. गोठ्यात एक दावं रिकामं होतं. ती म्हैस पोट फुगून गेली. डॉक्टरांनी पोट फाडलं तेव्हा आत पिशव्यांचा गोळा निघाला, गाठी मारलेल्या पिशव्यांचा. भाजीची देठं, उरलेली पोळी पिशवीत घालून गाठ मारून आपण टाकतो ना, तशाच.

आणि काळ्या मातीत सगळीकडं पांढरे दाणे होते. आधी मला वाटलं खताचे असतील. खाली वाकून उचलले तर थर्माकोल. मामांच्या सूनबाई म्हणाल्या, "हे येचून सरतच न्हाई. नांगरलं की खाली जातंय, पाऊस झाला की वर येतंय." तिच्या ओच्यात मूठभर दाणे होते. येता-जाता वेचायची सवयच लागली होती तिला.

ते माझ्याच मखराचे होते असं मी म्हणत नाही. असणार नाहीत बहुधा. पण माझी अकरा पोती त्याच टेकडीवर कुठंतरी होती आणि महिन्याभरापूर्वी मी त्यांच्या बदल्यात शांत झोपले होते. सासूबाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी त्या रानात उभी राहून बघत होते. परत येताना मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

घरी आल्यावर फाटकाजवळची तीन पोती मी उचलून आत आणली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 7 मार्चला शहराच्या दुसऱ्या टोकाला, मिटमिट्याला, कचऱ्याच्या गाड्यांवरून दगडफेक झाली, लाठीमार झाला. जिथं म्हणून गाड्या वळवाव्यात तिथली माणसं उभी राहत होती, आणि का राहू नयेत? 23 मार्चला राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली. नंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूलला प्रक्रिया केंद्रं झाली. शहराचं नावही औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. माझ्यापुरतं बदललं ते एवढंच, की घर मोकळं करणं आणि कचरा कमी करणं ही मला एकच गोष्ट वाटत होती, ती वाटेनाशी झाली.

ओलं आता घराबाहेर जात नाही. दोघांच्या घरात दिवसाला अर्धा-पाऊण किलो निघतं. भोकं पाडलेल्या बादलीत ते घालते, वर त्याच्या दुप्पट वाळलेला निंबाचा पाला, सुरुवातीला थोडं आंबट ताक, आठवड्यातून एकदा खालीवर करणं. दोन महिन्यांत खत होतं. पहिल्या वेळी मी पाला घातलाच नाही, नुसतं ओलं साठवलं. आळ्या झाल्या, शेजारच्या वहिनी भांडायला आल्या आणि त्यांचं बरोबर होतं. मे महिन्यात उलट होतं, सगळं कडक वाळतं आणि पाणी शिंपडावं लागतं. ते मी भाज्या धुतलेलं शिंपडते.

किराणा डब्यांतून आणते. दुकानदार आधी वैतागायचे, आता वजनकाट्यावर आधी रिकामा डबा ठेवतात. हळदीकुंकवाला एका वर्षी मी ऐंशी प्लास्टिकच्या साबणदाण्या वाण म्हणून दिल्या होत्या. ऐंशी! त्यातली एक तरी आज कुणाकडे आहे का? 2019 पासून गुळाचा खडा आणि तीळ देते. कंजूष म्हणतात ते माझ्या कानावर आलंय. म्हणू देत. लग्नात आहेर घेत नाही, देताना पाकीट देते. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्याला देते. धुतलेली असली तर घेतो, चिकट असली तर फेकून देतो. मामांच्या घरात आता कुणी रतीब घालत नाही, म्हणून तर पिशव्या.

याच पिशव्यांवरून मी सासूबाईंशी पंधरा वर्षं भांडले होते. पाहुणे यायच्या आधी दोरीवरून ओढून काढायचे मी त्या. आज लोक मला म्हणतात, अगदी सासूबाईंवर गेलात. मला ते पूर्ण कबूल नाही. त्याही चुकत होत्या. पाच वर्षांपूर्वीची औषधं ठेवायच्या, फुटकी बादली ठेवायच्या, त्यांनी जपलेल्या तीन गोधड्या वाळवीनं खाल्ल्या आणि त्या कुणाच्याच अंगावर गेल्या नाहीत. वापरात न येणारी वस्तू ठेवणं म्हणजे ती हळूहळू टाकणंच. त्यांना हे सांगायला हवं होतं, पण नीट. त्या जालन्याहून पावसाळ्यात परत आल्या तेव्हा फाटकाजवळची पोती जिन्याखाली बघून काहीच बोलल्या नाहीत. मीही नाही.

आणि एक खरं सांगते. मलाही मोकळं घर आवडतं. तुमच्या घरी आले की त्या रिकाम्या भिंतींकडे बघून मला हेवा वाटतो. घरी येऊन मी एखादं फडताळ उघडते आणि वाटतं, काढावं सगळं एका दिवसात. मग सूनबाईंचा ओचा आठवतो. पण माझ्या एका घरानं जपून त्या रानातला एक दाणा तरी कमी झाला का, हे मुलानं विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

त्या तीन पोत्यांत काय आहे तेही सांगते. वेफर्सची चकचकीत पाकिटं, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, एक तुटलेलं मखर, मुलाच्या दोन ढाली. भंगारवाला घेत नाही. दोनदा मी एक पोतं फाटकापर्यंत नेलं, घंटागाडीचं गाणं ऐकू येईपर्यंत तिथं उभी राहिले आणि परत आणून ठेवलं. दिवाळीला मुलगा येणार आहे. या वेळी मी स्वतः टाकून येतो, असं फोनवर म्हणालाय. कुठं, ते मी त्याला विचारलंय.