गोडसे भटजींचं लक्ष

पुस्तकांच्या दुकानात शिरलं की हल्ली दाराशीच सजगपणे जगायला शिकवणाऱ्या पुस्तकांची चळत असते. श्वासाकडे लक्ष द्या, घासाकडे लक्ष द्या, फोन लांब ठेवा. त्यात वाईट काहीच नाही. मीही एकदोन आणली, चाळली, आणि मग विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ हाती लागलं. ती दोन्ही बिचारी तेव्हापासून तशीच पडून आहेत.

गोडसे भटजी कोकणातल्या वरसईचे. घर कर्जात. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर आलं आणि भटजी काकांना घेऊन उत्तरेकडे निघाले. साल १८५७! मुहूर्त काय साधलाय पाहा. यज्ञ राहिला बाजूलाच. बंडाची धामधूम, झाशीचा वेढा, कत्तल, लूट, सगळं नशिबी आलं. हे त्यांनी लिहून काढलं १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून. छापलं गेलं १९०७ साली, तेही भटजींच्या पश्चात.

म्हणजे मधे पाव शतक गेलेलं. मला काल दुपारी कुठली भाजी होती ते आठवावं लागतं, आणि या माणसाला काल्पीच्या वाटेवरची विहीर जशीच्या तशी आठवते. झाशी पडलेली. पठाणी वेशातली राणी, धुळीनं माखलेली, तहानलेली, तिथे येते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. विद्वान ब्राह्मणाला कशाला तसदी, म्हणून ती स्वतःच दोर आणि मडकं घेते, पाणी ओढते आणि ओंजळीनं पिते. मला एकटीला अर्धा शेर तांदूळ पुरले असते, अशा अर्थाचं काहीतरी बोलते आणि निघून जाते. घोड्यावर बसून तलवार उगारलेली राणी मी चौकाचौकांत पाहिली आहे. पण तिलाही तहान लागत असेल, हे मला या मडक्यापाशी कळलं.

झाशीतल्या पुस्तकालयाची नासधूस झाली, तेही त्यांनी लिहिलंय. अख्खं शहर लुटलं जात होतं, जीव मुठीत धरून लपायची वेळ होती, आणि तरी पोथ्यांसाठी या भिक्षुकाचा जीव तुटला. तो भाग मी दोनदा वाचला.

तारखांसाठी मात्र हे पुस्तक वाचू नये. कानावर आलेल्या गोष्टीही भटजी डोळ्यांनी पाहिल्यासारख्या ठोकून देतात. पण जिथे ते स्वतः उभे आहेत तिथे त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. कोणी कसं वागवलं, काय खाऊ घातलं, दक्षिणा काय मिळाली. काही म्हणजे काही सुटत नाही. दक्षिणेवर तर खास नजर!

आता लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढली आहेत. त्यांच्या आजोबांना १८५७ च्याच धामधुमीत फाशी झाली, आणि वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं असं काही वेड शिरलं की वाण्याकडून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. इतिहास घरात शिरतो तो हा असा, मोरीपर्यंत! शाळेत आम्हाला यातलं काही शिकवलं नाही, सनावळ्या तेवढ्या पाठ करून घेतल्या.

माझ्या एका मैत्रिणीनं सजगतेचा ऑनलाइन वर्ग लावलाय. तिच्या फोनवर ठरावीक वेळानं घंटा वाजते आणि ती डोळे मिटते. तिला ‘माझा प्रवास’ दिलं. मधे भटजी आईवडिलांना न्हाऊ घालायला गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन परतीला लागतात, ठिकठिकाणी लूटमार चाललेली, तिथपर्यंत ती आली आणि रात्री अकराला तिचा फोन.

“अगं, ती कावड वरसईला पोचते ना?”

मी काही सांगितलं नाही. म्हटलं, वाच की.