हॅरी डॉब्सन यांच्या मागाने एब्रोच्या रणभूमीवर

स्पेनच्या यादवी युद्धात ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे 2,500 स्वयंसेवक प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला गेले. त्यांतले कवी आणि विद्वान लोकांच्या लक्षात राहिले, पण बहुतेक जण खाणींत, गोद्यांत आणि कारखान्यांत राबणारे किंवा बेकार होते. म्हणून या प्रवासात आम्ही एका खाणकामगाराचाच माग धरला. हॅरी डॉब्सन हे दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यातले कम्युनिस्ट कार्यकर्ते होते. टोनिपँडी येथे 1936 मध्ये फॅसिस्टांची सभा उधळण्यात भाग घेतल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला आणि सुटल्यावर त्यांनी स्पेनची वाट धरली.

जानेवारी 1937 मध्ये ब्रिटिश सरकारने 1870 चा जुना कायदा पुढे करून अशा स्वयंसेवकांना शिक्षेची धमकी दिली. त्यामुळे अनेक जण शनिवार-रविवारच्या सवलतीच्या तिकिटावर पॅरिसला गेले, कारण त्याला पासपोर्ट लागत नसे. (शेंगेन व्हिसाची कागदपत्रे जुळवताना या सोयीचा हेवा वाटतो.) पॅरिसहून काही जण रात्रीच्या अंधारात पिरेनीज पर्वत पायी ओलांडत, तर काही जण जहाजाने येत. डॉब्सन ज्या 'सिउदाद दे बार्सेलोना' जहाजावर होते, ते 30 मे 1937 रोजी मालग्रात दे मार या गावासमोर पाणतीराने बुडवले गेले. अनेक जण बुडाले, पण गावच्या कोळ्यांनी होड्या घालून जमेल तितक्यांना वाचवले आणि डॉब्सनही वाचले. बार्सिलोनाहून किनाऱ्याने जाणाऱ्या आर-1 या उपनगरी गाडीने मालग्रातला जाऊन अर्ध्या दिवसात परतता येते. वेळ कमी असेल, तर हा टप्पा गाळायला हरकत नाही.

एब्रो नदीकाठच्या लढाईचा टप्पा मात्र गाळू नये. बार्सिलोनाहून रेल्वेने मोरा ला नोवापर्यंत जाता येते, पण पुढे गांदेसाला रेल्वे नाही, बसच्या फेऱ्या मोजक्या आहेत आणि टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत बस जात नाही. म्हणून बार्सिलोना किंवा रेउस येथूनच भाड्याची मोटार घ्यावी, भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वीच काढून ठेवावा आणि मुक्काम गांदेसात करावा. कोर्बेरा देब्रे येथे लढाईविषयी '115 दिवस' या नावाचे माहिती केंद्र आहे. 25 जुलै ते 16 नोव्हेंबर 1938 असे तितके दिवस ही लढाई चालली. त्याच गावाची जुनी वस्ती बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाली आणि ती तशीच राखली आहे. बहुतेक प्रवासी हे भग्नावशेष पाहून परत फिरतात. माझ्या मते, ज्याला या स्वयंसेवकांचे काय झाले हे समजून घ्यायचे आहे, त्याने निम्मा वेळ तरी गांदेसाच्या पूर्वेकडील 481 क्रमांकाच्या टेकडीसाठी ठेवावा.

तिचे स्थानिक नाव पुच दे लालिगा. ब्रिटिश सैनिक मात्र तिला थट्टेने 'पुटकुळी' म्हणत. बदाम, ऑलिव्ह आणि द्राक्षांच्या मळ्यांतून चढणारी वाट फारशी लांब नाही, पण वर पोहोचल्यावर गांदेसा गाव इतके स्पष्ट दिसते, की ही टेकडी हाती आल्याशिवाय गाव घेणे का अशक्य होते, हे नकाशाशिवाय कळते. वर प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोचे सैनिक काटेरी तारांमागे बसलेले होते. खालून मँचेस्टरच्या सॅम वाइल्ड यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश बटालियनने जुलैच्या अखेरीस भर उन्हाळ्यात, तोफखान्याच्या पुरेशा आधाराविना, पुन्हा पुन्हा चढाई केली. टेकडी पडली नाही. लिव्हरपूलचे गोदीकामगार आणि नंतरचे मोठे कामगार नेते जॅक जोन्स येथेच खांद्याला गोळी लागून जखमी झाले आणि माजी ऑलिंपिक नौकापटू लुईस क्लाइव्ह येथेच मारले गेले. डॉब्सनही याच उतारावर प्राणघातक जखमी झाले.

जखमींना नदीपलीकडे नेत. ला बिस्बाल दे फाल्सेत गावाजवळच्या सांता ल्यूसिया गुहेत रुग्णालय थाटले होते आणि डॉब्सन यांनी तेथेच प्राण सोडला. त्या वेळी मजूर पक्षाच्या माजी खासदार ली मॅनिंग त्यांच्या उशाशी होत्या. गांदेसाहून हा वळणावळणाचा रस्ता मोटारीने सुमारे तासाभराचा आहे. जखमी अवस्थेत हे अंतर आणि मध्ये नदी कशी पार झाली असेल, याचा अंदाज रस्त्यावरूनच येतो. म्हणून टेकडी आधी आणि गुहा नंतर, हाच क्रम ठेवावा. गुहेत ओल असते, तेव्हा घट्ट तळव्यांचे बूट घालावेत.

मराठी वाचकासाठी या भागात आणखी एक धागा आहे. मुंबईत जन्मलेले आणि लंडनमधून निवडून गेलेले कम्युनिस्ट खासदार शापुरजी सकलातवाला यांचे नाव या बटालियनला दिले होते, पण ते रुळले नाही. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार 'जॉन स्मिथ' या नावाने तिच्यातून लढले, एप्रिल 1938 मध्ये गांदेसाच्या परिसरात पकडले गेले आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या मठातील तुरुंगात राहिले. तो मठ खूप दूर उत्तरेला आहे, याच दौऱ्यात बसवू नये.

वसंत ऋतू किंवा ऑक्टोबर हा योग्य काळ. उन्हाळ्यात जावेच लागले, तर टेकडी सकाळी चढावी आणि माणशी दोन लिटर पाणी न्यावे, कारण वाटेत सावली विरळ आहे. संग्रहालये सोमवारी आणि दुपारच्या वेळी बंद असू शकतात, तेव्हा वेळा आधी पाहाव्यात. गोळ्यांची टरफले किंवा गंजलेले लोखंड दिसले तर उचलू नये, कारण न फुटलेले गोळे अजून सापडतात. हाडे आढळल्यास त्यांना हात न लावता गावच्या नगरपालिकेला कळवावे. अशा अवशेषांसाठी ला फातारेयाजवळ कांपोसिनेस येथे स्मारक बांधलेले आहे आणि ते गांदेसाहून नदीकडे जाताना वाटेवरच लागते.