हिंग्वाष्टक पहिल्या घासालाच का?

पोटाचं जुनं दुखणं असलेल्या घरात चूर्णांच्या तीन-चार बाटल्या हमखास सापडतात. हिंग्वाष्टक, त्रिफळा, अविपत्तिकर आणि वर 'पोट साफ' करणारं एखादं. औषधं चांगली आहेत, पण सगळी एकाच पद्धतीनं घेतली जातात: जेवण झालं की चमचाभर, कोमट पाण्याबरोबर. मग 'आयुर्वेदाचा काही उपयोग झाला नाही' असं म्हटलं जातं. पोटाच्या औषधात चूर्ण कोणतं याइतकंच ते कधी आणि कशाबरोबर घेतलं, याला महत्त्व आहे.

हिंग्वाष्टकाचंच घ्या. जेवायला बसल्यावर पहिल्या घासाला, तुपात कालवून, असं जुन्या ग्रंथातल्या त्याच्या मूळ कृतीतच सांगितलेलं आहे. गरम मऊ भाताचे दोन घास बाजूला काढायचे, त्यावर चमचाभर साजूक तूप आणि पाव ते अर्धा चमचा चूर्ण घालून नीट कालवायचं, ते खाऊन मग बाकीचं जेवण. हिंग ही राळ आहे, ती तुपात छान उतरते. कोरडं चूर्ण पाण्याबरोबर गिळलं की घसा आणि छातीत जळजळतं. जेवल्यावर पोट फुगणं, गुडगुडणं, वायू अडकून कळ येणं, भूकच न लागणं, यासाठी हे औषध आहे. आंबट ढेकर, जळजळ, अल्सर असेल तर घेऊ नका, त्रास वाढतो.

घरी करायचं तर सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरे, शहाजिरे, सैंधव आणि हिंग प्रत्येकी १० ग्रॅम. (ओव्याच्या जागी मूळ शब्द अजमोदा आहे. ते बी वेगळं, पण आपल्याकडे बरेच जण ओवाच घालतात.) हिंगाच्या प्रमाणावर दोन मतं आहेत, कुणी समभाग घेतात, कुणी बाकीच्या चूर्णाचा आठवा हिस्सा. पोट नाजूक असेल तर दुसरं बरं. शहाजिरे घेताना नीट बघून घ्या. 'काळं जिरं' मागितलं की कधी कलौंजी हातात पडते, कधी कडूजिरं, आणि या तिन्ही वस्तू अगदी वेगळ्या आहेत. हिंग खडाच घ्यायचा. डबीतल्या बांधणीच्या हिंगात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक असतो. ज्यांना गव्हातलं ग्लुटेन चालत नाही, त्यांचं पोट या चिमटीभर हिंगानंही बिघडू शकतं आणि कारण काही लक्षात येत नाही.

हिंगाचा खडा बारीक फोडून मंद आचेवर थोड्या तुपात परतायचा. तो लाहीसारखा फुलतो आणि बोटानं दाबल्यावर चुरतो, की उतरवायचा. काळा पडला तर कडवट होतो. फुलला नाही तर दळताना चिकट गोळा होतो. गार झाल्यावर सैंधवाबरोबर कुटला की भुकटी मोकळी होते. बाकीचे जिन्नस निवडून, उन्हात वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून यात मिसळायचे. चूर्णाची ताकद दोन महिन्यांनी उतरते असं शास्त्र सांगतं, त्यामुळे एका वेळी थोडंच करा. पावसाळ्यात मिठामुळे ओल धरून गठ्ठे होतात, तेव्हा काचेची घट्ट झाकणाची बाटली आणि कोरडा चमचा हवा. रक्तदाबासाठी मीठ बंद असेल तर यातलं सैंधवही मीठच आहे, हे विसरू नका.

अविपत्तिकराबद्दल जरा सावध राहा. 'अॅसिडिटीचं चूर्ण' म्हणून लोक ते महिनोन् महिने घेतात. त्यात जवळपास निम्मी साखर असते आणि सुमारे एक तृतीयांश निशोत्तर. निशोत्तर हे रेचक आहे. म्हणजे रोज अविपत्तिकर घेणारा माणूस नकळत रोज जुलाबाचं औषध घेत असतो. जळजळ आणि जोडीला मलावरोध असेल तिथे थोडे दिवस ते उत्तम काम करतं. ज्याला आधीच दिवसातून तीनदा जावं लागतं, त्यानं ते घेऊ नये. मधुमेह्यांनी साखरेचा हिशेब धरावा. त्रिफळा रात्री निजताना, अर्धा ते एक चमचा, कोमट पाण्यातून. गरोदरपणात घेऊ नये. सोनामुखी या रेचक पानांची, 'पोट साफ' करणारी चूर्णं मात्र आठवड्याच्या वर चालू ठेवू नका, आतड्याला त्यांची सवय लागते. त्यापेक्षा इसबगोल बरं: एक चमचा, पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी अर्धा पेला पाणी. पाणी कमी पडलं तर तेच आत फुगून अडकतं. थायरॉइडची किंवा इतर गोळी आणि इसबगोल यात दोन तासांचं अंतर हवं.

आता ताक. बारीक चिकट शौच, कधी पातळ कधी घट्ट, जेवलं की लगेच जावंसं वाटणं, अशा जुन्या तक्रारीत ताकासारखं औषध नाही. पण ते ताकच हवं, पाणी घातलेलं दही नव्हे. दही नीट लागलेलं असावं. अदमुरं दही पोटाला जड, आणि आंबट झालेलं दही पित्त वाढवणारं. चार वाट्या दह्यात एक वाटी पाणी घालून रवीनं घुसळायचं, लोणी वर येऊन गोळा झालं की काढून घ्यायचं. मिक्सरमध्ये फिरवून लोणी तसंच ठेवलं तर ते पचायला जड जातं. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर सैंधव. वाटीभर, दुपारच्या जेवणाबरोबर, फ्रिजमधलं थंड नव्हे. रात्री नको. कडक उन्हाळ्यात, चक्कर आणि दाह असताना किंवा रक्त पडत असताना ताक वर्ज्य सांगितलं आहे. दुधानं त्रास होणाऱ्या पुष्कळांना ताक चालतं, कारण विरजणात दुधातली साखर बरीचशी आंबून गेलेली असते. तरी पाव वाटीपासून सुरुवात करा.

उसळींचा दोष बहुधा त्या करण्याच्या पद्धतीत असतो. वाल, चवळी, राजमा यांतली काही साखर आपल्याला पचत नाही, ती मोठ्या आतड्यातले जंतू खातात आणि वायू होतो. आठ ते दहा तास भिजवून ते पाणी फेकलं, मोड आणले आणि पूर्ण मऊ शिजवलं की हा भाग बराच कमी होतो. भिजवलेल्याच पाण्यात कुकर लावणं ही नेहमीची चूक. आणि उसळ दुपारी खायची, रात्री मुगाचं वरण किंवा मऊ खिचडी. जेवण आणि झोप यात तीन तास जाऊ द्या.

एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे वहीत लिहा: काय खाल्लं, किती वाजता, शौच कसं झालं. ताक, त्रिफळा आणि इसबगोल एकदम सुरू केलं तर गुण कशाचा आला ते कधीच कळणार नाही.

शौचातून रक्त, डांबरासारखं काळं शौच, वजन घटणं, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, गिळायला त्रास, रक्त कमी असणं, किंवा पंचेचाळिशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, यांपैकी काहीही असेल तर चूर्णाची बाटली बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.