पूर्वेची सामाईक भिंत

औसा तालुक्यातील वडिलोपार्जित घर विकायचे ठरले, तेव्हा अडचण आली तर वारसांची येईल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात दोन्ही बहिणी आणि मी एकमताने होतो, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला तिघांची नावेही लागली होती. घोडे अडले ते पूर्वेच्या भिंतीपाशी.

जुने घर माळवदाचे. आमच्या आणि शेजारच्या तात्यांच्या घरामध्ये दगडमातीची एकच भिंत होती, तीन फूट जाडीची. आमच्या बाजूने तिच्यात आई दिवा ठेवायची ती देवळी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात ही भिंत ढासळली. पुढे तात्यांनी नऊ इंची विटेची भिंत जुन्या भिंतीच्या आमच्याकडील कडेने उचलली आणि बाकीची जागा त्यांच्या न्हाणीत गेली. माणसे वाचली, यातच तेव्हा सगळ्यांना समाधान होते. दीड फुटासाठी वडील एक शब्दही बोलले नाहीत.

आजोबांचे वाटणीपत्र निजामाच्या काळातले, उर्दूत लिहिलेले. ते जाणकाराकडून वाचून घेतले, तेव्हा त्यात पूर्वेस ‘सामाईक भिंत, निम्मी निम्मी’ एवढेच निघाले. नमुना ८ ही करआकारणीची नोंद, तिने हद्द ठरत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होते खरी, पण तिच्या नकाशात आज उभी असलेली भिंत येते, पडलेली येत नाही. म्हणून ड्रोन उडण्याआधी चुन्याने हद्दी आखतात त्या दिवशी मालकाने गावात असावे. आम्ही नव्हतो, याची मला आजही खंत आहे.

तोड निघाली ती परसात. तिथे जुन्या भिंतीचा पाया बुजलेला होता. तात्यांच्या मुलाने स्वतः टिकाव घेतला, हातभर उकरल्यावर दोन्ही कडांचे घडीव दगड लागले आणि टेप लावला तर बरोबर तीन फूट भरले. तात्या वाकून दगडावर हात ठेवून म्हणाले, “निम्मं तुमचंच हाय बाबा.”

न्हाणी पाडायला लावणे आम्हा कोणालाच पटले नाही. खरेदीदाराने सांगितलेल्या दरानेच तात्यांनी ती दीड फुटाची पट्टी विकत घेतली. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी लागते, पंचांसमक्ष केलेला साधा कागद पुरत नाही. म्हणून आधी त्यांचा दस्त नोंदवला, त्याला हाताने काढलेला मापांचा नकाशा जोडला आणि त्यानंतरच खरेदीदाराकडून इसार घेतला. हा क्रम उलटा झाला असता, तर सौदा आणि शेजार दोन्ही तुटले असते, अशी माझी खात्री आहे.

आमच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना लेखनिकाने सवयीने ‘पूर्वेस सामाईक भिंत’ असे टंकले होते. ते खोडून मी ‘पूर्वेस शेजाऱ्यांची स्वतंत्र नऊ इंची भिंत’ असे करून घेतले आणि मग तिघांनी सह्या केल्या.