रसायनांचा धोका तपासायचा कोणी? वाळूजमधला माझा अनुभव

वाळूज एमआयडीसीतल्या एका प्लेटिंगच्या, म्हणजे पार्टवर धातूचा मुलामा चढवण्याच्या कारखान्यात मी प्रॉडक्शन बघतो. झिंक आणि हार्ड क्रोम, दोन्ही लाइन आहेत. ज्या मोठ्या कंपनीला आम्ही पार्ट देतो तिने घातक रसायनांचं जोखीम मूल्यांकन मागितलं आणि ते करणार कोण, यावरच गाडी अडली. मालक म्हणाले, बाहेरून माणूस बोलवा. ऑफिसवाले म्हणाले, रसायनाचे धोके सांगणाऱ्या पुरवठादाराच्या डेटा शीट आहेत, त्याच लावून टाका.

मी त्या शीट नीट वाचल्या. सोळा विभाग असतात त्यांत, आणि कामाच्या असतात. क्रोमिक ॲसिडच्या शीटमध्ये स्पष्ट लिहिलंय की त्यातल्या हेक्साव्हॅलंट क्रोमियममुळे फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, नाकाच्या पडद्याला भोक पडू शकतं. पण आमच्या टाकीवर वाकून जॉब लावणाऱ्या माणसाच्या नाकात किती जातं, ते त्यात कुठून येणार? शीट रसायनाची असते, आमच्या शेडची नसते.

मग सल्लागार आले. माणूस जाणकार. कामगारांच्या कॉलरला छोटे पंप लावून त्यांनी हवेचे नमुने घेतले. हे काम शिकलेल्या माणसानेच करावं, घरच्या घरी उरकू नये, असं माझं ठाम मत आहे. रिपोर्ट मर्यादेत आला. पण नमुने ऑगस्टमधले, दिवसपाळीचे, सगळे एक्झॉस्ट चालू असतानाचे. माझं समाधान होईना.

फाइल पाठवण्याआधी लाइनवरच्या लोकांसोबत बसू, असा आग्रह मी मालकांकडे धरला. पिकलिंगवरचे, म्हणजे ॲसिडमध्ये बुडवून जॉबचा गंज काढणारे मामा, रात्रपाळीचा एक पोरगा, इलेक्ट्रिशियन आणि आम्ही दोघं. ऑफिसात मालकांसमोर कोणी तोंड उघडेना. तेव्हा सगळ्यांना टाक्यांपाशी नेलं आणि मामांना म्हटलं, रोज काय काय करता ते फक्त दाखवा.

मामा म्हणाले, "लाईट गेली की क्रोमचा धूर थांबतो साहेब. पर ह्या ॲसिडचा थांबत नसतो."

अगदी खरं होतं ते. क्रोमचा फवारा उडतो तो करंटमुळे सुटणाऱ्या बुडबुड्यांनी. टाकीला करंट देणारा रेक्टिफायर बंद पडला की तोही बसतो. हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ मात्र निघतच राहते, आणि त्याच वेळी एक्झॉस्ट बंद असतो. त्यात मे महिना, पत्र्याची शेड, बाहेर पारा चाळिशीच्या वर.

पुढचं ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला. पोरगा म्हणाला, "उन्हाळ्यात पाणी कमी येतंय, तवा धुण्याचं पाणी टाकून देत नाही आम्ही. दोन्हीकडचं एकाच हौदात घेतो, फरशी धुवायला." दोन्हीकडचं म्हणजे ॲसिडनंतरचं आणि सायनाइड झिंकनंतरचं; आमच्या झिंकच्या टाकीत सोडियम सायनाइड असतं. सोडियम सायनाइडला ॲसिड मिळालं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. त्याचा कडू बदामासारखा वास काही जणांना येतच नाही. ऑगस्टमध्ये आलेल्या तज्ज्ञाला हे दिसणं शक्य नव्हतं, कारण पावसाळ्यात तो हौद रिकामा होता. पाण्याची ओढ मराठवाड्याला नवी नाही, पण ती अशी सायनाइडपर्यंत पोचते हे कागदावर कुठेच नव्हतं.

मालकांनी त्याच दिवशी हौद बंद करायला लावला. दोन वेगळे खड्डे, वेगळे पाइप. ॲसिडच्या टाकीला झाकण आणि तिथला एक्झॉस्ट जनरेटरवर. लाईट गेली तर काम थांबवून बाहेर पडायचं, आणि त्यासाठी सुपरवायझरला विचारत बसायचं नाही.

कामगारांना सोबत घेणं ही कुणाची मेहरबानी नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. तिने धोकादायक प्रक्रियांची जबाबदारी भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे असतो त्याच्यावर टाकली आणि सुरक्षा समितीत कामगारांना व्यवस्थापनाइतक्याच जागा दिल्या. सल्लागार मोजमाप देईल, सल्ला देईल. जबाबदारी त्याच्या गळ्यात घालून मालकाला मोकळं होता येत नाही. आमच्या मालकांना हे पटायला वेळ लागला, पण पटलं.

आता मूल्यांकनावर मालकांची सही आहे. खाली मामांची, पोराची, इलेक्ट्रिशियनची आणि माझी. सल्लागारांचा मोजमापाचा रिपोर्ट सोबत जोडलाय. पुढचे नमुने मे महिन्यात, रात्रपाळीत घ्यायचे ठरलेत, आणि पंप कोणाच्या कॉलरला लावायचा ते मामा सांगणार आहेत.