किती देते? तुम्ही विचारलंत म्हणून

गाडी घेऊन आता सातवं वर्ष. एवढ्या वर्षांत ‘ही पळते किती?’ असं मला कुणीही विचारलेलं नाही. विचारतात ते एकच: ‘किती देते?’ ठाण्यात मानपाड्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलंय, पंपावरच्या पोराने नोझल लावता लावता विचारलंय, मेहुण्याने साखरपुड्याच्या पंगतीत श्रीखंड वाढून घेताना विचारलंय. बाजारात म्हशीबद्दल विचारावं तसं. सोसायटीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका तर दर दोन महिन्यांनी नव्याने विचारतात. मागच्या वेळी मी थाप मारली होती, असं त्यांचं मत असावं.

उत्तर आहे, लिटरला सात ते सोळा किलोमीटर.

हे कुणालाच आवडत नाही. लोकांना एक आकडा हवा असतो, आणि तो ऐकून ‘अरेरे’ किंवा ‘बरं की’ म्हणायचं असतं. सात ते सोळा म्हटलं की मी काहीतरी लपवतोय असा चेहरा होतो. म्हणून आज सविस्तर सांगतो.

गाडी आहे फियाटची अबार्थ पुंटो, २०१६ची. मी २०१९ मध्ये सेकंडहँड घेतली. १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दारं चार आहेत आणि मागच्या सीटवर सासूबाई बसू शकतात, त्यामुळे हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का यावर वाद घालणारे घालतात. मी घालत नाही. बनली आपल्या रांजणगावात. नाव मात्र कार्लो अबार्थचं. शर्यतीच्या गाड्या बांधणारा हा माणूस १९०८च्या नोव्हेंबरात व्हिएन्नात जन्मला, रास वृश्चिक, म्हणून बॉनेटवर विंचू. १९६५ साली, वयाची ५६ उलटल्यावर, विक्रमासाठी बांधलेल्या आपल्याच चिमुकल्या गाडीत मावत नाही म्हणून त्याने सफरचंदं खाऊन ३० किलो वजन उतरवलं आणि मोंझाच्या ट्रॅकवर जाऊन विक्रम केले. गाडीचं वजन कमी करता येईना तर स्वतःचं केलं! माझी गाडी साधारण बाराशे किलोची आहे आणि माझ्याबद्दल न बोललेलं बरं.

कंपनीचा आकडा होता १६.३. तो खोटा नव्हता, पण कुठे मोजला ते पाहा. पुण्यात एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत (हो, ज्या टेकडीवर निम्मं कोथरूड सकाळी फिरायला जातं, तीच) गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवरच. ठरलेल्या क्रमाने वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. सगळं मिळून ११८० सेकंद, साडेदहा किलोमीटरच्या आसपास, वेग ९०च्या वर न्यायचा नाही, एसी बंद. या सगळ्याचा सरासरी वेग पडतो ताशी ३२ किलोमीटर.

आता माझं ऑफिस. कासारवडवली ते ऐरोली, २० किलोमीटर, सकाळी सत्तर मिनिटं. म्हणजे ताशी सतरा. २०१८ पासून घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब उभे राहताना पाहतोय. माझा मुलगा बालवाडीतून हायस्कुलात गेला. या सत्तर मिनिटांतली निदान तीस मिनिटं गाडी उभी असते किंवा मुंगीसारखी सरकत असते. एसी लावून उभ्या असलेल्या माझ्या गाडीला तासाला पाऊण ते एक लिटर लागतं. म्हणजे कापूरबावडी ओलांडेपर्यंत मी पावशेर पेट्रोल एका जागी बसून जाळलेलं असतं. पावसाळ्यात काचा धूसर होतात म्हणून एसी बंद करायचीही सोय नाही. त्यात या इंजिनाचा स्वभाव. दोन हजार आरपीएमच्या खाली ते पेंगतं, म्हणून पुढचा टेम्पो दहा फूट सरकला की पहिला गिअर, थोडा जास्त रेस, लगेच ब्रेक. त्या दहा फुटांसाठी १२०० किलो हलवायचे आणि ती सगळी मेहनत ब्रेकच्या पॅडवर घासून टाकायची. दिवसभर.

मी वही ठेवतो. ग्लोव्हबॉक्समध्ये दोनशे पानी वही आणि तिच्या पाठीला रबरबँडने बांधलेलं पेन. ठरलेला एकच पंप, नोझल आपोआप सुटलं की थांबायचं, ‘साहेब, राउंड फिगर करू?’ला नाही म्हणायचं, ट्रिपमीटर शून्य करायचा. डॅशबोर्डवरचा डिस्प्ले माझ्या गाडीत नेहमी पाऊण-एक किलोमीटर वाढवून सांगतो, त्यामुळे त्याच्यावर विश्वास नाही. मागच्या जुलैतली एक नोंद: ३४.२ लिटर, २९१ किमी, ८.५. शेरा: ‘पाऊस, गायमुखला ट्रेलर बंद.’ त्याच्या आधीची सातच्या जरा वर, तिथे शेरा नाही. लिहायची इच्छाच झाली नसणार.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती मलाही वही भरायला लागल्यावर कळली. लिटरला किती किलोमीटर, हे माप फसवं आहे. सातवरून नऊवर आलात आणि चौदावरून सोळावर आलात, तर दोन्हीकडे फरक दोनचाच वाटतो. आता उलटं मोजा, शंभर किलोमीटरला किती लिटर. सातला १४.३ लागतात आणि नऊला ११.१, तीन लिटरहून जास्त वाचले. चौदाला ७.१ आणि सोळाला ६.२५, एक लिटरसुद्धा नाही. म्हणजे हायवेवर एसी बंद करून, खिडक्या लावून घामाघूम होणाऱ्यांनी तो सगळा त्याग तीन हात नाक्यावर वेळ बदलून करावा. मी अर्धा तास लवकर निघायला लागलो तेव्हा वहीत साडेआठाचे दहा झाले. टायरमधली हवा, प्लग, फिल्टर, सगळं करून झालं होतं. त्यातलं काही इतकं लागू पडलं नव्हतं.

हायवेची गंमत वेगळी. गेल्या हिवाळ्यात शिर्डीला गेलो, आमण्याहून समृद्धी पकडून. जाताना घाई होती, काटा ११५ ते १२०च्या मध्ये. शिर्डीत टाकी भरली: २१६ किमी, १७.४ लिटर, १२.४. येताना बायको म्हणाली, आता दर्शन झालंय, सावकाश चल. नव्वदवर धरली. घरी येऊन भरली: तेवढंच अंतर, १३.२ लिटर, १६.४. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९०चे १२० केले की तो पावणेदोनपटीच्याही वर जातो. पण सगळं पाप वेगाच्या माथी मारणं बरं नाही. शिर्डी आपल्यापेक्षा पाचशे मीटर उंचावर आहे. माणसं-सामान धरून चौदाशे-पंधराशे किलोचा ऐवज तेवढा वर उचलायला इंजिनाला जवळपास लिटरभर पेट्रोल लागतं, आणि इगतपुरीच्या बोगद्याकडे चढताना तेच जात होतं. ते वजा केलं तरी तीन लिटर उरतात. तीनशे रुपयांत अर्धा तास विकत घेतला म्हणायचं. काकड आरती चुकायची नव्हती, त्यामुळे त्या दिवशी सौदा महाग नव्हता.

वहीने एकदा खरंच पैसे वाचवले. दोन वर्षांपूर्वी दोन महिने आकडा सातच्या खालीच. मी पेट्रोलला शिव्या देत होतो. एका रात्री पार्क करून उतरलो तर मागच्या डाव्या चाकाशी जळका, लोखंडी वास. रिमला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. उजव्या बाजूचं चाक कोमट. त्याआधी एका वर्कशॉपमध्ये ब्रेकचं काम करून घेतलं होतं, तिथे कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिनेला ग्रीसच लावलेलं नव्हतं. पिन जाम, पॅड सुटतच नव्हता. दोन महिने मी हँडब्रेक अर्धा ओढून ऐरोलीला जात होतो म्हणा. वागळे इस्टेटमधल्या माझ्या मेकॅनिकने पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली. गंजून भाजल्या वांग्याच्या देठासारखी झाली होती. फियाटने २०१९ मध्ये इथल्या गाड्या बंद केल्यापासून पार्ट शोधणं हा वेगळा उद्योग आहे. फियाटच्याच लिनियाची किट मिळाली, तीच बसवली. पुढच्या टाकीला ९.८.

ई-२०बद्दलही, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दलही, विचारता. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, हे रसायनशास्त्र आहे, राजकारण नाही. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं लिहिलेलं होतं. माझ्या वहीत हायवेच्या नोंदी साधारण तेवढ्याच उतरल्यात. शहरातल्या नोंदींवरून काही सिद्ध करू पाहू नये. तिथे एक बंद पडलेला ट्रेलर सगळ्या इथेनॉलला पुरून उरतो.

पैशांचं एकदाच सांगतो. गेल्या वर्षी ७४०० किमी, ६९० लिटर, म्हणजे १०.७. पंधरा देणारी साधी गाडी असती तर दोनशे लिटर वाचले असते, वर्षाचे वीस हजार, महिन्याचे सतराशे. आठवड्यातले तीन दिवस मी ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल पकडून ऐरोलीला जातो, ते हे सतराशे वसूल करायला. आणि महिन्यातून एका रविवारी पहाटे पाचला निघून मुरबाडमार्गे टोकावड्याच्या पुढे जातो. तिथे रस्ता मोकळा होतो, सह्याद्रीची भिंत समोर येते, दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना टर्बोची शिट्टी कानावर येते आणि पाठ सीटला चिकटते. त्या पट्ट्यात ती नऊ देते. वहीत शेरा: ‘वसूल’.

काकांना हे सगळं ऐकवून झालं तेव्हा ते म्हणाले, ‘आमची पद्मिनी बारा द्यायची. कार्ब्युरेटरवर. १९८६ची.’ मग जरा थांबून, ‘तीही फियाटच की.’ कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसीची. मी म्हटलं, ‘काका, चला, चक्कर मारून येऊ. तुम्हीच बघा आकडा.’

गायमुखच्या चढावर त्यांनी डिस्प्ले पाहिला. सहा. ‘बघ,’ म्हणाले, सूर अगदी तृप्त. माथा आला, वरसाव्याकडे उतार लागला. ‘आता काढ न्यूट्रल. बोरघाटात आम्ही खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत न्यूट्रलमध्ये यायचो.’

त्यांच्या गाडीपुरतं ते पेट्रोलच्या हिशोबाने बरोबरच होतं. कार्ब्युरेटरची गाडी गिअरमध्ये उतरली तरी इंजिन पेट्रोल ओढतच राहतं. ड्रमच्या ब्रेकवर ती सगळी बाजी लावून खोपोलीला पोचायचे, हा भाग वेगळा. माझ्या गाडीत उलट आहे. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजेक्टर बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल काढलं तर मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, आणि इंजिनाचा ब्रेकही जातो.

मी तिसऱ्यात ठेवून पाय उचलला. डिस्प्लेवरचा आकडा भराभर चढला आणि अगदी वरच्या टोकाला जाऊन थांबला. काका त्याच्याकडे बघत राहिले. पण वळण आलं आणि त्यांचा डावा हात आपोआप वर उठला, स्टिअरिंगवरचा तो जुना गिअर हवेतच शोधला आणि न्यूट्रल काढून मांडीवर परत आला.