साडेतीन फ्रँकची खाणावळ

माझ्या आजीने पुण्यात अनेक वर्षे विद्यार्थ्यांची खाणावळ चालवली. रात्री शेवटची पंगत उठली की आज कोण जेवायला आले नाही, हे ती वही न पाहता सांगत असे. पॅरिसच्या वायव्येस सुमारे ३० किलोमीटरवरील ओव्हेर-सुर-वाझ या गावातल्या रावू कुटुंबाविषयी वाचताना मला दर वेळी तिची आठवण येते.

ग्युस्ताव रावू हे गावच्या नगरपालिकेसमोरच्या घरात मद्यविक्री करत, जेवण देत आणि वरच्या खोल्या भाड्याने देत. पत्नी आणि आदलीन व जर्मेन या दोन मुली असा त्यांचा संसार होता. २० मे १८९० रोजी चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग गावात आला, तेव्हा तिथले त्याचे डॉक्टर गाशे यांनी त्याला दिवसाला ६ फ्रँक घेणारी जागा सुचवली होती. त्याने मात्र रावूंकडची साडेतीन फ्रँकची निवडली. तेवढ्यात माळ्यावरची जेमतेम ७ चौरस मीटरची खोली आणि जेवण मिळे. तो तिथे ७० दिवस राहिला, म्हणजे त्याचे सगळे मिळून बिल २४५ फ्रँकच्या आसपास झाले असेल.

आदलीनने साठहून अधिक वर्षांनी आपल्या आठवणी सांगितल्या. इतक्या उशिरा सांगितलेल्या गोष्टींतला प्रत्येक तपशील तंतोतंत खरा मानता येणार नाही, तरी त्यांतले घरगुती तपशील मला फार विश्वासार्ह वाटतात. घरातली माणसे त्याला ‘मस्य व्हिन्सेंट’, म्हणजे ‘श्रीयुत व्हिन्सेंट’, म्हणत. मांस, भाजी, सॅलड आणि शेवटी काहीतरी गोड, असे साधे जेवण असे आणि त्याने एकही पदार्थ कधी परत पाठवला नाही. रात्री जेवण झाले की तो धाकट्या जर्मेनला मांडीवर घेई आणि मुलांच्या डोळ्यांत वाळू टाकून त्यांना झोपवणारा गोष्टीतला वाळूवाला तिला पाटीवर खडूने काढून दाखवी. आदलीन तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला निळ्या पोशाखात समोर बसवून त्याने तिचे चित्र काढले, पण ते आपल्यासारखे दिसत नाही म्हणून तिला आवडले नाही आणि तिच्या आईवडिलांनाही ते फारसे रुचले नाही.

२७ जुलैच्या रविवारी रात्रीच्या जेवणाला तो आला नाही. एरवी तो वेळेचा पक्का असल्याने घरच्यांना लगेच काळजी वाटू लागली. अंधार पडल्यावर पोट धरून तो दारातून आत आला आणि काही न सांगता जिना चढून गेला. वरून कण्हणे ऐकू आले, तेव्हा रावू त्याच्या खोलीत गेले आणि त्याने स्वतःवर गोळी झाडल्याचे त्यांना कळले. आदलीन सांगते की ती रात्र तिच्या वडिलांनी त्याच्या उशाशी बसून काढली. भाडेकरूने आपल्या घरात असे काही करावे, याचा गावातल्या छोट्या व्यावसायिकाला किती घोर लागला असेल! तरीही २९ जुलैला पहाटे व्हिन्सेंटने प्राण सोडल्यावर शवपेटी रावूंच्याच घरातल्या खालच्या खोलीत ठेवली गेली, भिंतींवर त्याची चित्रे टांगली गेली आणि भोवती पिवळी फुले रचली गेली. आत्महत्या असल्यामुळे गावच्या धर्मगुरूने शववाहिनी नाकारली, म्हणून ती शेजारच्या मेरी गावातून आणावी लागली.

अंत्यविधीनंतर हवी ती चित्रे घ्या, असे व्हिन्सेंटचा भाऊ थिओ याने जमलेल्यांना सांगितले. रावूंनी मात्र व्हिन्सेंटने आधीच दिलेल्या दोन चित्रांवर समाधान मानले. एक त्यांच्या लेकीचे होते आणि दुसरे १४ जुलैच्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाला पताका लावून सजवलेल्या, रोज आपल्या दारातून दिसणाऱ्या नगरपालिकेचे. पुढे ते कुटुंब ओव्हेर सोडून मलाँ गावी गेले. तिथे काही परदेशी चित्रकारांनी मागितली, तेव्हा रावूंनी ती दोन्ही चित्रे ४० फ्रँकना देऊन टाकली. म्हणजे व्हिन्सेंटच्या मुक्कामाच्या अकरा-बारा दिवसांच्या पैशांत.